मागच्या मोरीतली अक्षरं

रविवार, ५ जानेवारी

माझ्या अबोल लेकीस,

अक्षर बघून दचकू नकोस, मी काही रातोरात शिकले नाही. समोरच्या खोलीतल्या नर्सबाईला पकडलंय. रविवारी तिला सुट्टी असते. मी बोलते, ती लिहिते. तिचं अक्षर औषधाच्या चिठ्ठीसारखं आहे म्हणतात, तेव्हा अडलं तर जवळच्या औषधाच्या दुकानात दाखव. (हेही लिहिलंस? लिही, लिही. खोटं थोडंच आहे.)

पत्र अशासाठी की फोनवर तू फक्त भिंगरीशी बोलतेस. "आजीला देऊ?" असं पोरीने विचारलं की तिकडून फोन बंद. दीड वर्ष झालं याला. तिला वाटतं, तुझा फोनच तसला आहे, आजीचं नाव काढलं की बंद पडणारा. मी तिला तसंच वाटू दिलंय. कागद तुला मध्येच बंद करता येणार नाही. फाडशील फार तर, पण फाडायच्या आधी दोन ओळी नजरेखालून जातीलच.

आता कामाचं. भिंगरीच्या शाळेतल्या बाईंनी बोलावलं होतं. पोरगी बोलण्यात वस्ताद आहे, गाणी म्हणते, अख्ख्या वर्गाला कामाला लावते. पण पेन्सिल मुठीत अशी धरते जसं काही कुणाला भोसकायचंय. दोन रेघा ओढल्या की हात दुखतो म्हणून रडते. वर्षअखेरीला बाई ठरवणार, पहिलीत घालायची की अजून एक वर्ष बालवर्गात ठेवायची.

तू तिकडे कामाला जाताना काय म्हणाली होतीस ते मी विसरले नाही. पहिलीत गेली नाही तर तिच्या आत्याकडे पाठवीन. आत्या स्वतः शाळेत शिकवते, तिच्याकडे अभ्यासाचं वेगळं टेबल आहे, त्यावर मान वाकवणारा दिवा आहे. माझ्याकडे काय, तर मी.

पण घाबरू नकोस. बाईंनी एक कागद दिलाय, घरच्या घरी खेळता खेळता हाताला बळ कसं आणायचं त्याचा. नर्सबाईने वाचून दाखवला. रद्दी फाडायची. कपड्यांचे चिमटे दाबून दोरीला लावायचे. पिठाच्या गोळ्याचे साप वळायचे. दोऱ्यात बटणं ओवायची. ताटात रवा पसरून बोटाने रेघा काढायच्या. मी म्हटलं, "एवढंच? मग मी जन्मभर शाळेतच आहे की!"

शेवटी आणखी एक ओळ होती. ती काही आत्ता आठवत नाही. (ही म्हणते, तिला आठवते. राहू दे.)

तू खातेस ना वेळेवर? तिकडच्या त्या म्हाताऱ्या बाईला भरवता भरवता स्वतः उपाशी राहत असशील. उत्तर नको देऊस, पण जेव.

तुझी आई

रविवार, १९ जानेवारी

माझ्या रुसूबाईस,

तुझं उत्तर आलं नाही म्हणजे पत्र मिळालं असणार. मिळालं नसतं तर पोस्टमनने परत आणून दिलं असतं.

आमची शाळा जोरात आहे. पहिल्या दिवशी चिमटे. दोरी राहिली बाजूला, सगळे चिमटे माझ्या केसांना, पदराला, एक कानाला. मी ओरडले तर म्हणते, "आजी, हलू नकोस, तू वाळतेयस."

दुसऱ्या दिवशी फाडाफाडी. मी वळून बघेपर्यंत बाईसाहेबांनी नर्सबाईच्या ड्यूटीचा तक्ता फाडून त्याच्या बारीक पट्ट्या केल्या. त्या आठवड्यात ही बिचारी दोनदा चुकीच्या पाळीला जाऊन उभी राहिली. (तीनदा म्हणतेय. बरं, तीनदा.)

पिठाचे साप झाले, त्या सापांना पोरं झाली. बटणं ओवताना जीभ बाहेर काढून बसते, अगदी तुझ्यासारखी. पण सगळ्यात आवडता खेळ भिंतीचा. गॅलरीतल्या भिंतीवर ओल्या ब्रशने रेघा ओढायच्या. उन्हात त्या वाळून जातात. ती एक काढते, वळून बघते, तर आधीची गायब. म्हणाली, "आजी, भिंत पिऊन टाकते!" मी म्हटलं, पिऊ दे, तिलाही तहान असेल. चूक झाली तरी उरत नाही, म्हणून पोरगी भीत नाही बघ. आता पेन्सिल तीन बोटांत धरते. मी मोजून बघितलं.

या खेळांत मी माझी थोडी भर घातली आहे. काय ते आत्ता सांगणार नाही.

दारात उभी राहून तू म्हणाली होतीस, "तुला अक्षराची किंमत कळली असती तर मला तेराव्या वर्षी शाळेतून काढून प्रेसच्या मोरीत बसवलं नसतंस." घरची अडचण होती, तुला माहीत आहे. पण किंमत मला कळते की नाही ते लवकरच बघशील.

तुझी आई

रविवार, ९ फेब्रुवारी

लेकी,

पाकिटात दुसरा कागद आहे तो आधी बघ. मग पुढे वाच.

बघितलास? तिच्या हातची अक्षरं आहेत. "आई" लिहिलंय. कुणी हात धरलेला नाही, देवाशप्पथ. नर्सबाईलाही मी दाखवलेलं नाही, सगळ्यात आधी तू बघावंस म्हणून घरीच घडी घालून पाकिटात टाकलं. ही आता डोकावतेय, पण मी पाकीट धरून बसलेय.

आता माझी भर सांगते. तुला वाटतं, तुझ्या आईला अक्षर कळत नाही. पुस्तक वाचता येत नाही, कबूल. पण बत्तीस वर्षं मी प्रेसच्या मागच्या मोरीत खिळे धुतले. नर्सबाई विचारते, खिळे म्हणजे? अगं, छपाईची शिशाची अक्षरं. एकेक अक्षर एका खिळ्याच्या डोक्यावर कोरलेलं. छापून झालं की मजकूर सुटा करायचा, एकेक खिळा रॉकेलमध्ये घासायचा आणि ज्याच्या त्याच्या खणात टाकायचा. खिळे जुळवणारा जुळारी पुढच्या खोलीतून ओरडायचा, "ग संपत आला!" की मी ग चा खण भरायचा. ग कसा दिसतो, म कसा दिसतो, ई ची शेंडी कुठे असते, सगळं डोळ्यांत बसलंय. माझ्या हातून एक खिळा चुकीच्या खणात पडला नाही. दोन खिळे शेजारी ठेवले तर काय शब्द होतो ते मला कुणी शिकवलं नाही, पण एकेकाचा चेहरा मी ओळखते.

तर पिठाचा साप वळला की मी त्यालाच जरा वाकवायची. "हा बघ ग. हा बघ म." ताटातल्या रव्यात, भिंतीवर पाण्याने, सगळीकडे. पोरीने पंधरा दिवसांत वीस अक्षरं उचलली. "आ"च्या शेजारी "ई" ठेवायची हे तिचं तिनेच शोधलं. मग म्हणाली, "आजी, मी आईला बोलावलं."

आता शनिवारी फोन करशील तेव्हा भिंगरी विचारेल, आजीला देऊ? तेव्हा एवढंच म्हण, दे. मी फार बोलणार नाही. एक मिनिट.

तुझी आई

रविवार, २३ फेब्रुवारी

लेकी,

शनिवारी तू फोन केलास. मी हात पुसून शेजारीच बसले होते. तू भिंगरीला विचारलंस, "हे तुला कुणी शिकवलं?" ती म्हणाली, "आजीने." मी फोनसाठी हात पुढे केला. मला वाटलं, आता म्हणणार, दे. फोन बंद झाला.

गहिवरून आलं असेल, असं मी धरून चाललेय.

इकडे सगळं ठीक. बाईंनी मला परवा शाळेत बोलावलं होतं, सहज. भिंगरीचं कौतुकच करत होत्या म्हणा ना. हात चांगला तयार झालाय म्हणाल्या. आणखी काही विशेष नाही. हवा बरी आहे. भिंगरीला नवे बूट घ्यायला झालेत, पाय वाढलाय. बाकी काय लिहायचं? आज मला फारसं सुचत नाही. इथेच थांबव गं.

तुझी आई

ताई, हे माझं वाक्य आहे, मावशींचं नाही. बाईंनी भिंगरीला डॉक्टरांना दाखवायला सांगितलंय. ती प्रत्येक अक्षर उलटं काढते. शाळेत कुणी चूक म्हटलं की म्हणते, आजीला येतं, तुम्हाला येत नाही. मावशी हे तुम्हाला कळवत नाहीत म्हणून मी लिहिलं. त्यांना सांगू नका.
नर्स

रविवार, ९ मार्च

लेकी,

या नर्सबाईने मला न सांगता खाली एक ओळ खरडली होती, ते तिने काल कबूल केलं. मी तिला म्हटलं, वाचता न येणाऱ्या बाईच्या पत्रात असं लिहिणं म्हणजे आंधळ्याच्या ताटातलं उचलण्यासारखं आहे. ती रडायला लागली. मग मीच तिला चहा करून दिला. आता ती लिहितेय आणि माझ्याकडे बघत नाही.

तर तुला कळलेलंच आहे. उरलेलं माझ्याकडून ऐक.

डॉक्टर हिच्याच दवाखान्यातले. भिंगरीचे डोळे तपासले, बोटं मोजायला लावली, चेंडू झेलायला लावला. सगळं नीट. मग कागद दिला. तिने झरझर पाच-सहा अक्षरं काढली. डॉक्टर म्हणाले, "घरी कोण शिकवतं?" पोरीने माझ्याकडे बोट दाखवलं, अगदी ऐटीत. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुम्ही एक ग काढा बघू." मी काढला. त्यांनी तो कागद उचलला, पालथा केला आणि खिडकीच्या काचेला लावला. मागून ऊन येत होतं. "आजी, तुम्ही कुठे काम करायचा?" मी सांगितलं. ते हसायला लागले. वाईट हसले नाहीत. ही पण हसली. सगळे हसतायत म्हणून भिंगरी हसली. मग मीही हसले, दुसरं काय करणार?

खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. कागदावर दाबलं की सुलटं उमटतं. प्रेसमधल्या मांजरालासुद्धा ठाऊक असेल हे. मला नव्हतं. छापलेला कागद पुढच्या दाराने बाहेर जायचा, मी मागच्या दाराने. रस्त्यावरच्या पाट्या बघून मला नेहमी वाटायचं, चेहरे ओळखीचे आहेत, पण काहीतरी तोंड फिरवल्यासारखे. मी समजायची, आपण शिकलो नाही म्हणून असं दिसतं. शिकलेल्यांना सरळ दिसत असेल. कुणाला विचारायचं? आणि विचारलं कधी कुणी, तुला काय दिसतं म्हणून?

तुझ्या हातात तो कागद पडला तेव्हा तू पाहताक्षणी ओळखलं असशील. तीन वर्षं तू माझ्या शेजारी बसून खिळे धुतलेस. तुला ते उलटे दिसायचे, मला सुलटे. एकाच मोरीत, एकाच दिव्याखाली.

आणि ती शेवटची ओळ. बाईंच्या कागदावर लिहिलं होतं, अक्षरं घरी शिकवू नका, हात तयार झाला की शाळेत शिकवू. मी ती ऐकली होती. चांगली दोनदा वाचून घेतली होती. तरी शिकवली, कारण मला तुझ्याकडून "दे" एवढं ऐकायचं होतं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना भिंगरीने विचारलं, "आजी, खरं कुठलं? बाईंचं का तुझं?"

मी म्हटलं, "बाईंचं."

"मग तुझं?"

"माझं खोटं गं."

ती पायरीवर बसली ती उठेचना. आजीचं खोटं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. कडेवर घ्यायला आता ती मोठी झालीय आणि मी म्हातारी. नर्सबाईने घेतलं.

तुझी आई

रविवार, २३ मार्च

लेकी,

तू भिंगरीला फोनवर सांगितलंस ना, आत्या न्यायला येणार म्हणून? तिने फोन ठेवला आणि मला विचारलं, "आत्याकडे चिमटे आहेत का?" मी म्हटलं, असतील. कपडे सगळेच वाळवतात.

शाळेतल्या बाई चांगल्या आहेत. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, थोडे दिवस लिहिणं पूर्ण बंद, नुसतं खेळू द्या, सुटेल ते. पण ती खेळतच नाही. पिठाचा गोळा पुढे ठेवला तर हात मागे बांधून उभी राहते. काल ब्रश भिजवून दिला, म्हटलं, अक्षर नको, नुसती रेघ काढ. रेघेला कसलं आलंय उलटं-सुलटं? तिने माझ्याकडे बघितलं. "तुला काय माहीत?" म्हणाली.

खरंच आहे. मला काय माहीत?

मी स्वतःला सुधारायला बघितलं. नर्सबाईने मोठा सुलटा ग काढून दिला, तो मी भिंतीला लावलाय. बघते, बघते, डोळे मिटते आणि काढायला जाते तर हात आपला जुन्याच वाटेने. मग ही म्हणते, "मावशी, दुसऱ्या बाजूला." दुसऱ्या बाजूला काढला की तो मला चुकलेला दिसतो. एकाहत्तर वर्षांची झाले. तिला पुन्हा काही शिकवायला गेले तर पुन्हा घाणच करणार. म्हणून ती समोर असली की मी हात मांडीखाली घेऊन बसते. ती तिकडे हात मागे घेऊन, मी इकडे हात खाली घेऊन. नर्सबाई परवा दारातून आत आली आणि म्हणाली, "काय गं, दोघींनी काय चोरलंय?" कुणी हसलं नाही.

बाईंनी सांगितलंय, यंदा पहिलीत घालता येणार नाही. अजून एक वर्ष बालवर्गात बसली तर काय बिघडेल गं? पाच वर्षांची तर आहे. माझ्या कुशीत झोपायची सवय आहे तिला. आत्याकडे टेबल आहे, दिवा आहे, सगळं आहे, पण तिला पाय टाकायला कुणाचं पोट

खोड ते. खोड म्हणते ना. तुझ्या मुलीचं तू बघशील. माझ्या हातून एकदा नाही, दोनदा नासलं, तिसऱ्यांदा संधी मागायला मी कोण.

(ही खोडत नाहीये. नुसतं हो म्हणतेय. मला काय कळणार आहे?)

तुझी आई

रविवार, ६ एप्रिल

लेकी,

भिंगरी परवा गेली. आत्या आली होती. बरी आहे बाई, उगाच मी तिला मनात शिव्या घालत होते. माझ्या पाया पडली, पोरीला काय आवडतं, कशाला घाबरते, सगळं विचारून वहीत टिपून घेतलं. मी सांगत होते आणि ती लिहीत होती. तुझी मुलगी एवढीशी, तिची पानभर माहिती झाली.

जायच्या आधी शाळेतून दाखला काढायचा होता. तू इथे नाहीस, तेव्हा सांभाळणारी म्हणून मीच. कचेरीत कारकुनाने फॉर्म काढला आणि वाचायला लागला. विद्यार्थिनीचं नाव, इयत्ता, शाळा सोडण्याचं कारण. "काय लिहू, आजी?" आत्या म्हणाली, "नातेवाइकांकडे स्थलांतर." त्याने लिहिलं.

मी तिथेच बाकावर बसले. असाच फॉर्म मी आधी एकदा भरला होता. तुझा. तेव्हाच्या कारकुनानेही विचारलं होतं, कारण? मी म्हटलं होतं, घरची अडचण. इतकी वर्षं तुलाही तेच सांगितलं. या पत्रांतही एकदा सांगितलं.

अडचण नव्हती. तुझे वडील तेव्हा धडधाकट कामावर जात होते. तुला आठवत नसेल, एकदा तू माझा डबा द्यायला प्रेसमध्ये आलीस. मोरीच्या दारावर मालकाने रंगीत कागद लावला होता. मागे एकदा तसलाच कागद लागला तेव्हा सुट्टी मिळाली होती, म्हणून मी सगळ्या बायकांना ऐटीत सांगितलं होतं, उद्या सुट्टी आहे. तू तो मोठ्याने वाचलास. मोरीत बसून जेवू नये, असं लिहिलं होतं. बायका हसल्या. तू पण हसलीस. तेरा वर्षांची पोर, हसणारच. पण मला ते बोचलं. घरी येताना तू वाटेतली एकेक पाटी मला वाचून दाखवत होतीस, आनंदाने, आणि मला वाटत होतं, ही आता रोज माझ्या पुढे पुढे चालत जाणार. पुढच्याच आठवड्यात मी तुझ्या शाळेत गेले.

एवढंच कारण होतं. याहून मोठं काही असतं तर बरं झालं असतं.

नर्सबाईने पेन खाली ठेवलाय. उचल गं. संपत आलं.

कारकुनाने शाईचा पॅड पुढे केला. सहीच्या जागी मी अंगठा दिला. भिंगरी टाचा उंचावून टेबलावर बघत होती. बूट नवे, डोक्याला दोन रिबिनी, आत्याने बांधलेल्या. महिनाभरात पहिल्यांदा ती कुठल्यातरी लिहिलेल्या गोष्टीकडे आपणहून बघत होती.

"आजी, तू काय लिहिलंस?"

मी म्हटलं, "माझं नाव."

ती वाकली, कागदाला नाक लागेपर्यंत वाकली. मान एका बाजूला करून बघितलं, मग दुसऱ्या बाजूला. कारकून थांबला. आत्याही थांबली. मग हळूच, मला वाईट वाटू नये अशा बेताने, माझ्या कानात म्हणाली,

"मला वाचता येत नाहीये."

मी म्हटलं, "मलापण नाही, बाळा."

तुझी आई